विचारा की! : हत्तीची रात्र

मंडळी, या सदरात एरवी गोचीड, लाळ्या-खुरकूत, गाभण म्हशीची वैरण आणि फ्लॅटमध्ये भुंकणारं लॅब्राडोर असले प्रश्न येतात आणि मी आपला निवृत्त जनावरांचा डॉक्टर म्हणून जमेल तशी उत्तरं देतो. पण नांदणीच्या मठातली हत्तीण महादेवी जामनगरला नेल्यापासून टपालाचा रंगच बदललाय. हत्ती, वाघ, झू, सर्कस, कोर्ट, सगळं एकदम यायला लागलंय, काही पत्रं इतकी चिडून लिहिलेली की कागद फाटलाय पेनानं. म्हणून यावेळी म्हशींना सुट्टी. सहा पत्रं घेतलीत, नावं कुणाचीच छापत नाही, कारण गावात राहायचंय सगळ्यांना.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत सहा वर्षांच्या मुलीला घेऊन एका मोठ्या शहरातलं झू बघायला गेलो होतो. वाघ दिसला म्हणून आम्ही खूश, पण पोरगी पाच मिनिटांनी म्हणाली, आई हा सारखा तिथंच का फिरतोय, याचं काय हरवलंय का? मला उत्तरच देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात आहे, पोरांना झूला न्यावं का नाही? – एक आई, राजारामपुरी

ताई, तुमच्या लेकीनं जे बघितलं ते बघायला आम्हाला कॉलेजात शिकवावं लागलं. त्याला आम्ही येरझाऱ्याच म्हणतो साध्या भाषेत. एकाच रेषेवर जायचं, ठराविक ठिकाणी मान वळवायची, परत यायचं, पुन्हा तेच. पुढच्या वेळी जमीन बघा, त्या रेषेवर गवत नसतं, पायवाट पडलेली असते. हरवलंय काय ते सांगणं अवघड आहे कारण बऱ्याचदा तो वाघ झूमध्येच जन्मलेला असतो, त्यानं जंगल बघितलेलंच नसतं, तरी फिरतो. म्हणजे आठवण येते म्हणून नव्हे तर अंगातच ती चाल भरलेली आहे म्हणून.

2003 साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधक बाईंनी वेगवेगळ्या झूमधल्या मांसाहारी प्राण्यांची माहिती एकत्र करून बघितली होती. आपल्याला वाटतं जो जास्त शिकार करतो त्याला पिंजऱ्यात जास्त त्रास होत असेल, पण निघालं वेगळंच. जंगलात ज्याचा इलाखा मोठा, रोजची चाल मोठी, तो झूमध्ये जास्त येरझाऱ्या घालतो आणि त्याची पिल्लंही जास्त दगावतात. सगळ्यात वाईट अवस्था ध्रुवीय अस्वलाची, त्याला झूमध्ये मिळणारी जागा ही जंगलातल्या त्याच्या किमान इलाख्याच्या दहा लाखाव्या भागाएवढी भरली. दहा लाखावा भाग म्हणजे काय ते डोळ्यापुढं आणायला मी एकदा हिशोब केला होता, शंभर एकराच्या शेतकऱ्याला एका पोस्टकार्डाच्या पंचवीस-तीसपट जागा, म्हणजे साधारण एक सतरंजीचा कोपरा. त्याच्यावर जन्म काढायचा.

न्यावं का? मी म्हणीन न्या, पण दहा पिंजरे पळत पळत बघून वेफर्स खात बाहेर यायचं असं नको. एकाच प्राण्यापुढं वीस मिनिटं थांबा. त्याला लपायला आडोसा आहे का, का चारही बाजूंनी माणसंच? खायला थेट समोर टाकतात का शोधून काढायला लावतात? चांगल्या झूमध्ये मांस लपवतात, नवीन वास सोडतात, ओंडके बदलतात, वेळ बदलतात. काच वाजवणाऱ्या काकांना लेकीसमोरच थांबवा. आणि तिनं परत विचारलं की हरवलंय काय, तर सांगा की त्याला फिरायला जायचंय आणि दार बंद आहे. सहा वर्षांच्या पोराला एवढं कळतं, त्याला बाकीची फोड लागत नाही.

प्रश्न : डॉक्टर, तुम्ही आमच्या भागातलेच आहात म्हणून विचारतो. महादेवीला नेलं ते बरोबर झालं का चूक? गोल गोल बोलू नका. आमच्या घरातली माणसं नांदणी ते कोल्हापूर चालत गेली होती मोर्चाला. – एक वाचक, शिरोळ तालुका

भाऊ, गोल बोलणार नाही पण थोडं लांब बोलतो, चालंल ना?

आधी ज्यांना तपशील माहीत नाही त्यांच्यासाठी. नांदणीच्या जैन मठात हत्ती ठेवायची परंपरा शेकडो वर्षांची. महादेवी म्हणजेच माधुरी 1992 पासून तिथं होती. प्राणीहक्कवाल्या संस्थेनं तक्रार केली, प्रकरण समितीपुढं गेलं, तिथून हायकोर्टात. 16 जुलै 2025 ला मुंबई हायकोर्टानं तिला जामनगरला अंबानींच्या वनताराच्या हत्ती केंद्रात न्यायचा आदेश कायम ठेवला, 28 जुलैला सुप्रीम कोर्टानंही हात घातला नाही आणि त्याच रात्री ती गेली. गावानं निरोप दिला तेव्हाचे व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील. मग 3 ऑगस्टचा मूक मोर्चा, रागानं अंबानींच्या जिओची सिमकार्डं पोर्ट करायची लाट, मुख्यमंत्र्यांची बैठक, आणि शेवटी वनतारावाल्यांनीच नांदणीत हत्तींसाठी पुनर्वसन केंद्र उभं करायची तयारी दाखवली.

आता माझं मत. तुमचा राग खोटा नाही, तेहतीस वर्षं गावातल्या लहान पोरांनी जिच्या सोंडेखालून जाऊन परीक्षेला बसायचं तिला एका रात्रीत न्यायचं, गावाला कुणी नीट बसून सांगायचं नाही, आणि न्यायचं कुठं तर देशातल्या सगळ्यात श्रीमंत घराण्याच्या केंद्रात, राग येणारच. कायदा तेहतीस वर्षं झोपला होता का, हा तुमचा प्रश्नही बरोबर आहे. पण यातलं काहीच हत्तिणीबद्दल नाही, सगळं आपल्याबद्दल आहे. हे मला तुम्हाला सांगायचंय आणि यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, मी तालुक्याच्या दवाखान्यात होतो, जत्रेत एक सर्कस आली होती. त्यातल्या हत्तिणीच्या पुढच्या उजव्या पायाला गळू झालेलं. मला हत्तीचं काय कळतंय, आम्हाला शिकवलेलं सगळं गाय-म्हैस-घोडा, तरी गेलो. नखं वाढून वाकलेली, तळव्याला भेगा, भेगेत पू. पोटॅशियम परमँगनेटचं पाणी करून पाय बुडवला, साफ केलं, पट्टी बांधली. ती सगळा वेळ डोलत होती, डावीकडं उजवीकडं, डावीकडं उजवीकडं, मंडपात बँड चालू होता. मी माहूताला म्हटलं, खुशीत आहे की. तो हसला, म्हणाला हां साहेब, तिला गाणं आवडतं. घरी येऊन बायकोला पण मी हेच सांगितलं, की हत्तीण गाण्यावर डोलते.

रात्री अकराला पट्टी बघायला परत गेलो, कारण सकाळी त्यांचा तळ हलणार होता. बँड बंद, लाईट बंद, माहूत पेंढ्यावर झोपलेला. आणि ती डोलत होती. अंधारात, कुणी बघत नसताना, अगदी तसंच, त्याच लयीत. पाय दुखतोय त्याच पायावर भार टाकत. मी अर्धा तास तिथं बसून होतो, थांबली नाही. तेव्हापासून कुणी म्हणालं ना की आमचा हत्ती खुशीत आहे, तर मी विचारतो, रात्री काय करतो?

कारण हत्ती रात्री झोपत नाही आपल्यासारखा. बोत्स्वानात दोन रानटी हत्तिणींच्या सोंडेच्या कातडीखाली यंत्र बसवून बघितलं तर दिवसाला सरासरी दोनच तास झोप भरली. चोवीसातले सोळा-अठरा तास तो खाण्यात आणि चालण्यात घालवतो. चालतो म्हणून नखं झिजतात, पाय शाबूत राहतो. तीन-चार टनाचं धूड फरशीवर उभं केलं की सगळ्यात आधी पाय जातो, मग सांधे. झूतल्या हत्तीला, देवळातल्या हत्तीला, सर्कशीतल्या हत्तीला, तिघांना आजार एकच, पायाचा. महादेवीच्या बाबतीत पण कोर्टापुढं हाच मुद्दा आला होता, पायाचे आजार, संधिवात, डोकं हलवत राहणं. मठाला ते मान्य नव्हतं, आणि मी स्वतः तिला तपासलेलं नाही त्यामुळं त्यावर जास्त बोलत नाही.

पण एक गोष्ट तपासायची गरज नाही. ती एकटी होती. माणसं होती शेकडो, हत्ती एकही नव्हता. हत्तीण जन्मभर आईच्या, मावशीच्या, बहिणीच्या कळपात राहणारं जनावर आहे. बावीस महिने पोटात, मग कितीतरी वर्षं आईच्या पायात पायात. इतक्या खालच्या आवाजात बोलतात की आपल्याला ऐकूच येत नाही, तो आवाज काही किलोमीटर जातो, जमिनीतून तळव्याला पण कळतो म्हणतात. आता मला सांगा, तेहतीस वर्षं ती असा आवाज देत असेल तर उत्तर कोण देत होतं? आपण केळी देत होतो. मी पण दिलेत केळी, सोंडेचा आशीर्वाद घेतलाय, खोटं कशाला सांगू.

म्हणून माझं उत्तर असं, तिला दुसऱ्या हत्तींजवळ नेणं बरोबर होतं, नेण्याची पद्धत चूक होती. आणि हाच नियम मी जामनगरला पण लावीन. हॉस्पिटल किती मोठं, स्विमिंग पूल किती, फळं कसली हे मला नका सांगू. साखळी सुटली का, सोबतीण मिळाली का, रात्री डोलायची थांबली का, हे सांगा. ती उद्या नांदणीच्या केंद्रात परत आली तरी प्रश्न हाच राहील. एकटीच आणणार असतील तर मी म्हणीन नको.

जाता जाता, हे काही आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदा घडलेलं नाही. जोतिबाला 2007 साली दान आलेला सुंदर हत्ती आठवतो का? तो पण असाच कोर्टकचेऱ्या होऊन 2014 च्या जूनमध्ये बंगळूरजवळच्या बाणेरघट्ट्याला गेला. तेव्हा पण आपण चिडलो होतो. हत्ती दान करताना कुणी विचारत नाही की याला ठेवणार कुठं, नेताना मात्र सगळे विचारतात.

प्रश्न : शाहू महाराजांनी चित्ते पाळले, हत्ती पाळले, साठमारी केली. आता त्याला क्रूरपणा म्हणायचं का? आणि दुसरं, झू नसते तर कितीतरी प्राणी पुस्तकातच राहिले असते, तुम्ही लोक हे सोयीस्कर विसरता. – निवृत्त शिक्षक, शाहूपुरी

सर, पहिल्या प्रश्नात तुम्ही मला खिंडीत गाठलंय. कोल्हापुरात राहून महाराजांवर बोट ठेवायचं म्हणजे माझंच घर उन्हात बांधायचं. साठमारीच्या मैदानाचं नाव अजून शहरात आहे, रोज हजार माणसं तिथून जातात, हत्ती चवताळवून त्याच्यापुढं माणूस उतरायचा हे आज कुणाला खरंही वाटत नाही. मी त्याला त्या काळचा मर्दानी खेळ म्हणतो आणि आज कुणी केला तर पोलिसांना फोन करीन. दोन्ही एकदम म्हणता येतं, त्यात काही अडचण नाही.

पण चित्त्याचं बोलू, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कोल्हापूर आणि भावनगर या दोन संस्थानांत चित्त्यानं काळवीट धरायची शिकार शेवटपर्यंत टिकली होती. चित्त्याला माणसाळवणारी माणसं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या होती, डोळ्यावर टोपी घालून बैलगाडीवर बसवून न्यायचे, कुत्र्यासारखा शांत. इतकी कला! आणि तरी एक गोष्ट कुणालाच जमली नाही. चित्ता कैदेत सहसा वीत नाही. मुघलांकडं शेकड्यांनी चित्ते होते, त्यात एकदाच पिल्लं झाली, ते इतकं नवलाचं होतं की जहांगीर बादशहानं स्वतः लिहून ठेवलं. त्यानंतर थेट 1956 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या झूमध्ये. मधली साडेतीनशे वर्षं जो चित्ता कुणी पाळला तो रानातून धरूनच आणलेला, म्हणजे रानातला एक कमी. शेवटी शेवटी हिंदुस्थानात चित्ता मिळेना म्हणून आपल्या कोल्हापूरला आफ्रिकेतून आणावे लागले. 1952 मध्ये सरकारनं भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ आणून कुनोत सोडले. शिकार आणि गेलेली गवताळ रानं ही कारणं आहेतच, पण पाळण्यासाठी धरणं हे पण कारण आहे. मायेनं सांभाळलं म्हणजे जात वाचवली असं नव्हे, हे आपल्या गावाइतकं दुसऱ्या कुणाला कळायला पाहिजे?

आता तुमचा मुद्दा. झूनं वाचवलेले प्राणी आहेत सर, नाही कोण म्हणतंय. अरबस्तानातला ओरिक्स हरणासारखा प्राणी 1972 च्या सुमारास रानातून संपला होता, झूतल्या कळपातून वाढवून 1982 मध्ये ओमानात परत सोडला. दार्जिलिंगच्या झूनं लाल पांडा सिंगालीलाच्या जंगलात सोडलाय. आपल्याकडं सुसरी, हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातली गिधाडं, आसामातलं ते एवढंसं रानडुक्कर. पण ही यादी परत वाचा, हत्ती आहे का यात? गोरिला, डॉल्फिन? म्हैसूरच्या झूत जर्मनीहून दोन गोरिला आलेत 2021 मध्ये, देखणे आहेत, पण त्यांची पोरं काँगोच्या जंगलात सोडायला जाणार आहे का कोण? मोठ्या हुशार प्राण्यांच्या बाबतीत झू बहुतेक वेळा प्राणी वाचवत नाही, दाखवतं.

आणि हत्तीचा हिशोब तर उलटा लागतो. 2008 साली सायन्स साप्ताहिकात युरोपातल्या झूंमधल्या आणि हत्तींच्या मूळ देशांतल्या मिळून साडेचार हजार हत्तींची आकडेवारी आली होती. झूत जन्मलेली आशियाई हत्तीण साधारण 19 वर्षं जगली, आणि म्यानमारमध्ये लाकडं ओढायच्या कामावरची हत्तीण जवळपास 42. झूवाले म्हणतात तो जुना काळ होता, आता सुधारणा झाली, असेलही. पण मला त्यातली गंमत वेगळी वाटते. म्यानमारची हत्तीण राबते, ओंडके ओढते, तिला सुखाचं काही नाही, तरी ती दुप्पट जगते. का? तिला संध्याकाळी जंगलात सोडतात. रात्रभर चरते, दुसऱ्या हत्तींना भेटते, सकाळी माहूत शोधत जातो. म्हणजे फिरून रात्रीवरच आलो आपण.

झू बंद केले तर प्राणी कुठं जाणार, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. सगळे एकदम बंद करा असं मी म्हणतच नाही, जखमी बिबट्या, आई गेलेली पिल्लं, यांना जागा लागतेच. हत्ती मात्र आपल्या केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणानंच 2009 मध्ये झू आणि सर्कशीतून हलवायला सांगितलेत, दीड दशक उलटून गेलं त्याला. अमेरिकेत डेट्रॉईटच्या झूनं तर कुणी कोर्टात न खेचता आपल्या दोन हत्तिणी अभयारण्यात पाठवून दिल्या, आमच्याकडची थंडी यांना सोसत नाही म्हणून. आणि पाकिस्तानातला कावन! 1985 मध्ये श्रीलंकेनं भेट दिलेलं पिल्लू, 2012 मध्ये सोबतीण मेली, मग इस्लामाबादच्या झूत एकटा भिंतीला डोकं लावून उभा. तिथल्या हायकोर्टानं आदेश दिला आणि 2020 च्या नोव्हेंबरात विमानानं कंबोडियाला गेला, तिथं पोचल्यावर आठ वर्षांनी पहिल्यांदा दुसऱ्या हत्तीच्या सोंडेला सोंड लावली त्याचा फोटो जगभर गेला. आमच्या दिल्लीत शंकर होता, झिंबाब्वेनं राष्ट्रपतींना भेट दिलेला आफ्रिकन हत्ती. त्याची सोबतीण 2001 मध्ये गेली. त्यानंतरची बहुतेक वर्षं एकटा राहून तो सप्टेंबर 2025 मध्ये गेला. एका देशानं दुसऱ्याला भेट म्हणून पिल्लू द्यायचं, फोटो काढायचे, आणि पुढचं पन्नास वर्षांचं आयुष्य एका माहूताच्या पगारावर सोडायचं. ही भेट द्यायची पद्धत मला कधीच कळली नाही सर.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. आमच्याकडं वाद झाला, हुशार प्राण्यांना कोंडू नये म्हणतात, मग बिनडोक प्राण्यांना कोंडलं तर चालतं का? हुशारी मोजायची कशी? – एक विद्यार्थिनी, कागल

बाळ, वादात तू जिंकलीस असं समज.

मोजायचे प्रयत्न झालेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधल्या हॅपी नावाच्या हत्तिणीच्या कपाळावर पांढरी खूण काढून मोठ्ठा आरसा ठेवला, तर ती आरशात बघून सोंडेनं स्वतःच्या कपाळावरची खूण चाचपायला लागली. 2006 मध्ये हे छापून आलं. म्हणजे आरशातली मीच आहे हे तिला कळलं. पुढं तिच्या वतीनं वकिलांनी केस टाकली, माणसाला बेकायदा डांबलं तर जो अर्ज करतात तोच अर्ज हत्तिणीसाठी. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. ती माणूस नाही म्हणून. पण दोन न्यायाधीश तिच्या बाजूनं गेले, ही बातमी मला जास्त मोठी वाटली. अर्जेंटिनात तर सेसिलिया नावाची चिंपांझी 2016 मध्ये अशीच केस जिंकली आणि ब्राझीलला अभयारण्यात गेली. आणि आपला देश यात मागं नाही, 2013 च्या मे महिन्यात भारतानं डॉल्फिनचे खेळ दाखवणारी केंद्रं उभारायलाच बंदी घातली.

पण हुशारी म्हणजे मार्कलिस्ट नव्हे, की 90 च्या वर त्याला सुट्टी आणि 35 वाल्याला पिंजरा. डुक्कर कुत्र्यापेक्षा कमी हुशार नाही, त्याला कोण विचारतं? माझा बैल रस्ता चुकायचा नाही, मी चुकायचो. मी हुशारीकडं असं बघतो की त्या डोक्याला दिवसभर काम काय लागतं. अजगराला उबदार जागा, पाणी, लपायला बीळ आणि पंधरा दिवसातनं एक उंदीर, तो पडून राहतो, जंगलातही बराच वेळ पडूनच असतो. हत्तीला दुष्काळात पाणी कुठं लागेल हे लक्षात ठेवायचं असतं, कोण नात्यातलं कोण परकं हे आवाजावरनं ओळखायचं असतं, पोरांना वळण लावायचं असतं. एवढा मोठा पाच किलोचा मेंदू घेऊन त्याला तू चौकोनात उभं केलंस, खायला आयतं दिलंस, तर त्यानं त्या मेंदूचं करायचं काय? मग तो डोलतो. तू परीक्षा संपल्यावर नेट बंद पडलं की दोन दिवसात काय करतेस ते आठव. जागा मोठी केली तरी हे सुटत नाही, झूवाले इथंच फसतात, एकर वाढवतात, काम वाढवत नाहीत.

प्रश्न : तुम्ही शहरातली माणसं हत्तीच्या नावानं रडता. इकडं येऊन बघा, रात्री टस्कर ऊसात शिरतो, केळी, माड, पाण्याची पाईपलाईन, काय ठेवत नाही. न्या की झूमध्ये. तुमचा जीव पण रमेल. – एक शेतकरी, आजरा

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि हसू पण आलं आणि लाज पण वाटली. एका रात्रीत वर्षाचा ऊस जातो, आणि वर कारखान्याची नोंद, सोसायटीचं कर्ज. फटाके वाजवत, डबे बडवत तुम्ही जागता आणि आम्ही इथं हत्तीच्या मनाचा विचार करतो.

पण झू हे उत्तर नाही. एक तर वर सांगितलं तसं 2009 मध्येच झूतले हत्ती बाहेर हलवायला सांगितलंय. दुसरं, हत्ती धरणं म्हणजे म्हैस बांधणं नव्हे, 2015 मध्ये शेजारी सिंधुदुर्गात माणगाव खोऱ्यात तीन धरले तर कर्नाटकातनं शिकवलेले हत्ती आणि माहूत आणावे लागले होते. आणि एक धरला तरी वाट तशीच राहते. हे हत्ती कर्नाटकाच्या बाजूनं यायला लागून वीस वर्षं उलटली, तिकडं जंगल तुटत गेलं आणि इकडं आपण ऊस, केळी लावली, म्हणजे त्याच्या दृष्टीनं ताट वाढून ठेवलंय. एक गेला की दुसरा येतो.

मला विचाराल तर शहरात मोर्चाला जेवढी माणसं निघाली त्याच्या निम्मी जरी तुमच्या पंचनाम्यासाठी तहसीलला येऊन बसली तर हत्तीचं जास्त भलं होईल. भरपाई वेळेवर आणि बाजारभावानं मिळाली पाहिजे, हत्ती कुठल्या शिवारात आहे हे संध्याकाळीच मोबाईलवर कळलं पाहिजे, रात्री बांधावर एकटं जायला लागू नये. हे सगळं तुम्ही कितीदा सांगितलं असणार. मी पुन्हा छापतो, माझ्या हातात एवढंच आहे. आणि हत्ती जवळ असला तर फटाका टाकू नका, घाबरलेला हत्ती पुढंच येतो.

प्रश्न : मला माहूत व्हायचंय. घरचे वेड्यात काढतात. कोर्स कुठं असतो? – इयत्ता नववी, हातकणंगले

कॉलेजसारखा कोर्स माझ्या तरी माहितीत नाही रे, हत्ती शिकवतो आणि जुना माहूत शिकवतो. आपल्या राज्यात वनखात्याचा हत्ती कॅम्प गडचिरोलीत कमलापूरला आहे, तिथले हत्ती जंगलात चरायला सोडतात. मोठा झाल्यावर जाऊन बघ, आत्ता दहावी कर. दरम्यान सराव म्हणून घरच्या जितराबाचा गोठा महिनाभर तू एकट्यानं काढ. हत्ती दिवसाला शंभर किलोच्या आसपास लीद टाकतो. महिन्यानंतर पण माहूतच व्हायचं असेल तर मला परत लिही.